प्रार्थनेत मन लागत नाही, आणि जावेशी बोलणं बंद आहे

पत्र आलंय खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीचं. नाव-गाव काढून, थोडं आखडून देते.

"मावशी, माझं माहेर बेळगावातलं, मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट. लग्न होऊन खानापूरकडच्या कॅथलिक घरात आले. आईकडे रोज रात्री पवित्र शास्त्र उघडून वाचायचो आणि मग आई आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. इथे सासूबाई संध्याकाळी सातला तेर्स, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू करतात, तीच वाक्यं परत परत, माझं मन तिथे लागत नाही. आणि खरं सांगायचं तर आता आईसारखी प्रार्थना पण जमत नाही. मी बेळगावात एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. पाचला उठते, दोन पोरांचे डबे, मिस्टरांचा डबा, त्यांची उद्यमबागेत शिफ्ट, मग माझी बस. सकाळी वेळ काढायचा खूप प्रयत्न केला, चार दिवस जमतंय मग सुटतंय. व्हॉट्सॲपवर रोज गुलाबाच्या फोटोवर वचनं येतात, मी आमेन टाकून पुढे पाठवते, पण दुपारी कुणी विचारलं कुठलं वचन होतं तर सांगता येत नाही. डोळे मिटले की गॅस, फी, लाईट बिल हेच आठवतंय. येशूच्या शिकवणीवर रोज मनन करा असं फादर पण सांगतात, आईकडचे पास्टर पण सांगतात, करायचं कसं ते कोण सांगत नाही. आणि करायचं कुठल्या भाषेत? चर्चमध्ये कोंकणी नाहीतर इंग्लिश, पोरांची शाळा इंग्लिश, बाहेर कन्नड, माझ्या तोंडात मराठी. मी देवाला फसवतेय असं वाटतंय. आणि एक, वाटणीवरून मोठ्या जावेशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, पण त्याचा ह्याच्याशी काय संबंध नाही, असंच सांगितलं."

बाळ, पत्र वाचून झाल्यावर मी परत त्या शेवटच्या ओळीवर गेले. तिथे मी येणारच आहे. पण आधी तू जे विचारलंस ते बघू, कारण ते प्रश्न खरे आहेत आणि तुझ्यासारख्या कितीतरी बायका उपासना सुटल्यावर दारात मला थांबवून हेच विचारतात.

पहिलं म्हणजे तू देवाला फसवत नाहीस. येशूबरोबर जे शिष्य फिरत होते ती यहुदी घरातली माणसं, लहानपणापासून स्तोत्रं ऐकलेली, सणाला यरुशलेमला जाणारी, आणि तरी एक दिवस त्यातला एकजण त्याला म्हणतो की प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, 11व्या अध्यायात आहे. मोठी माणसं होती ती, लाजली नाहीत विचारायला, आणि येशूनं पण अजून येत नाही का म्हणून ऐकवलं नाही, सरळ शिकवलीच. आणि शिकवली ती "आमच्या पित्या" ही प्रार्थना किती, तर सावकाश म्हटली तरी मिनिटभराच्या आत संपते. लांबी त्याला महत्त्वाची वाटली असती तर तिथेच लांब प्रार्थना दिली असती की.

आता वेळेचं. पहाटेची शांत वेळ मिळाली तरच मनन, असं तुझ्या डोक्यात बसलंय, आणि ते कुठून बसलं ते मला माहीत आहे. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो, ते आपण प्रत्येक उपवासकाळात ऐकतो. पण त्याच्या पुढचं वाक्य फार कोण सांगत नाही, की शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत शोधत तिथे पोचले आणि म्हणाले सगळे तुम्हाला शोधतायत. म्हणजे त्याची पण प्रार्थना मध्येच तुटली. अजून एक जागा बघ, मत्तय 14. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला हेरोदानं मारलं ही बातमी येते, आपल्या माणसाच्या मरणाची बातमी, आणि येशू होडीत बसून एकटा राहायला जातो. तर तिथे लोक किनाऱ्यानं चालत आधीच येऊन थांबलेले. त्याला त्यांचा कळवळा आला, आजाऱ्यांना बरं केलं, संध्याकाळ झाली तर पाच भाकरी आणि दोन माशांवर पाच हजार पुरुष आणि त्याशिवाय बायका-पोरं जेवली, मग शिष्यांना होडीत बसवून पुढे लावलं, लोकांना निरोप दिला, आणि एवढं सगळं उरकल्यावर रात्री डोंगरावर एकटा प्रार्थनेला गेला. ठरवलेला एकांत त्याला लोकांची पोटं भरल्यावर मिळाला. म्हणून पाचला उठून तू तीन डबे भरतेस त्यात तुझी प्रार्थना बुडाली असं मला वाटत नाही, पण डबे झाल्यावर त्यानं जसा वेळ घेतलाच तसा तू पण घ्यायचा आहे, तो सोडायचा नाही.

तुझ्याकडे बस आहे. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट लागत नाही तेव्हापासून गर्दी किती झालीय ते मला सांगायला नको, सीट मिळतेच असं नाही, उभ्यानं पुस्तक उघडता येत नाही. म्हणून वाचन आदल्या रात्री करून ठेव, पोरं झोपली की दहा मिनिटं, आणि बसमध्ये फक्त ते आठवायचं. खानापुरातून निघाल्यापासून मच्छे येईपर्यंत तुझ्याशी बोलायला कोण येत नाही (आणि आलंच तर बोल, तो पण शेजारीच आहे की). पिरनवाडीनंतर दवाखान्याचे विचार सुरू होणार, होऊ देत.

व्हॉट्सॲपच्या वचनांबद्दल मला जरा कडक बोलायचंय. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं असतं, त्यात वाद नाही. पण सकाळी सहा-सात वचनं म्हणजे एकही नाही. शिवाय फोटोवर मावेल एवढंच कापून येतं. "मागा म्हणजे तुम्हांस दिले जाईल" हे किती वेळा आलं असेल तुला? आता ते ज्या परिच्छेदात आहे तो मत्तय 7 मध्ये पूर्ण वाच, तो जाऊन थांबतो कुठे, तर लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा, इथे. आणि लूकमध्ये तेच बोलणं संपतं तेव्हा स्वर्गातला बाप मागणाऱ्यांना पवित्र आत्मा देईल असं आहे, नोकरी आणि प्लॉटचं तिथे काही नाही. मागणं आणि वागणं येशूनं एकत्र ठेवलं, फोटोवाल्यांनी मागणं तेवढं उचललं. तेव्हा माझं ऐकशील तर महिनाभर वचन पुढे पाठवणं बंद कर. ग्रुप सोडू नकोस, उगाच लोक नाराज होतील, म्यूट कर.

आणि त्याऐवजी मार्कचं शुभवर्तमान हातात घे. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात छोटं, 16 अध्याय, रोज एक प्रसंग घेतलास तरी तीन-एक महिन्यांत आरामात होतंय, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचायचे नाहीत, जिथे होतीस तिथूनच पुढे. हे मी मुद्दाम सांगते कारण बायका बॅकलॉग भरायला जातात आणि मग आठवड्यात सगळंच सोडतात.

करायचं कसं विचारलंस तर एक प्रसंग तुझ्यासोबत करूनच दाखवते. मार्क 5, पंचविसाव्या वचनापासून. एक बाई, बारा वर्षं रक्तस्राव, बऱ्याच वैद्यांकडे फिरली, होतं नव्हतं ते सगळं खर्च झालं आणि दुखणं उलट वाढलंच. येशू याईराच्या घरी निघालाय, त्याची मुलगी मरायला टेकलीय, म्हणजे इमर्जन्सी केस, आणि वाटेत लोकांची ढकलाढकली. ही मागून येऊन त्याच्या कपड्याला हात लावते. तो थांबतो, विचारतो मला कोण शिवलं. शिष्य म्हणतात एवढी गर्दी अंगावर येतेय आणि कोण शिवलं काय विचारताय. आता तू डोळे मिटून त्या गर्दीत उभी राहा. तू कोण आहेस तिथे? मला विचारशील तर तू रिसेप्शनला बसणारी, तू त्या शिष्यांच्या जागी आहेस बघ. तुझ्यासमोर रोज अशाच बायका येतात, फाईल छातीशी धरून, पैसे संपलेल्या, काय होतंय ते मोठ्यानं सांगायची लाज वाटणाऱ्या. येशूनं काय केलं? इमर्जन्सी थांबवून त्या एकीकडे बघितलं, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि तिला मुली म्हणून हाक मारली. एवढं बघितलंस की वाचन झालं. आता त्याच्याशी बोल, आपल्या भाषेत, दोन वाक्यं: प्रभू, काल ती चिकोडीकडची म्हातारी आली होती तिच्याकडे मी मान वर करून बघितलं पण नाही. बस. आणि उद्यासाठी एक काम ठरव, एकच, की उद्या पहिल्या पाच पेशंटशी बोलताना कॉम्प्युटरकडे नाही, तोंडाकडे बघून बोलायचं. ह्यालाच मनन म्हणतात, ह्याच्यापेक्षा मोठं काही करायचं नाहीये.

रात्री आडवं पडल्यावर दिवस मागे वळून बघायचा, कुठे जमलं, कुठे चिडलो, कुठे देव जवळ होता आणि कळलं नाही. ही पद्धत संत इग्नाशियस लोयोलानं 16व्या शतकात आपल्या जेज्विट संघाच्या फादरांना घालून दिली, कॅम्पातल्या सेंट पॉल्स शाळेमुळे त्या संघाचे फादर आपल्या बेळगावकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. माहेरच्या कुणाला वाटलं ही कॅथलिक गोष्ट आहे तर वाटू दे, दिवसाचा हिशेब देवासमोर मांडणं सगळ्यांचंच आहे.

मन भटकतं त्याचं फार मनावर घेऊ नकोस. गेथशेमाने बागेत येशूचे सगळ्यात जवळचे तिघे शिष्य झोपले, आणि झोपले तेही त्यानं जागे राहा म्हणून विनवणी केलेल्या रात्री. तो दुखावला, पण म्हणाला काय, की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. त्याला माहीत आहे आपण कशाचे बनलोय. आणि गॅस, फी, लाईट बिल हे प्रार्थनेच्या बाहेरचे विषय आहेत असं कुणी सांगितलं तुला? त्यानं स्वर्गाचं राज्य समजावलं तेच मुळी तीन मापं पिठात खमीर घालणाऱ्या बाईवरून, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईवरून देवाचा आनंद सांगितला. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" ह्यात गॅस पण आला. सिलिंडर आठवला की तोच त्याच्या पुढ्यात ठेवायचा, प्रभू, सिलिंडर संपत आलाय आणि पगार पाच तारखेला आहे, आणि परत प्रसंगाकडे यायचं. दहादा भटकलं तर दहादा परत यायचं, ते दहा वेळा परत येणं पण प्रार्थनाच आहे.

आता सासूबाईंची तेर्स आणि आईची आपल्या शब्दांतली प्रार्थना. तुला आतून वाटतंय की आईचीच खरी आणि ही पोपटपंची, फक्त तू तसं लिहिलं नाहीस. मत्तय 6 मध्ये येशू बडबड करू नका म्हणतो ते खरंच आहे, पण त्यानं कारण पण दिलंय, की त्या लोकांना वाटतं जास्त बोललं म्हणजे देव ऐकतो. म्हणजे दोष समजुतीत आहे, परत परत म्हणण्यात नाही. त्यानं स्वतः गेथशेमानेत तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द परत बोलून प्रार्थना केली, मत्तय 26 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. आणि वधस्तंभावर जीव जाताना त्याच्या तोंडात आलं ते पाठ असलेलं, 22वं स्तोत्र, 31वं स्तोत्र. माणूस फार दुखात असला की स्वतःचे शब्द सुचत नाहीत गं, पाठ केलेलेच उपयोगी पडतात. तुझ्या सासूबाईंनी नवरा गेल्यावर त्या माळेवरच दिवस काढले असतील, एकदा विचारून बघ त्यांना.

आणि एक करता येतंय. तेर्सेत दर दहा मण्यांना एक रहस्य असतं, म्हणजे येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्यं असतात, ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली, त्यात येशूचा बाप्तिस्मा, कानाचं लग्न, देवाच्या राज्याची घोषणा, असं सगळं त्याच्या सेवेच्या काळातलं आहे. तर गुरुवारी तू सासूबाईंना म्हण, आई, प्रत्येक रहस्याआधी मी शास्त्रातला तेवढा भाग वाचू का. कानाचं लग्न योहान 2, पहिली अकरा-बारा वचनं, दोन मिनिटं पण लागत नाहीत. तुझ्या आईची सवय आणि त्यांची माळ एका खोलीत बसतील, पोरांना पण कळेल की कशाबद्दल चाललंय. त्या नको म्हणाल्या तर जबरदस्ती करू नकोस, मनातल्या मनात आठव आणि त्यांच्याबरोबर म्हण.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात फार हळवा, बोर्डावरच्या अक्षरांवरून इथे काय काय होतंय ते आपण बघत मोठे झालो. प्रार्थनेत तो आणू नकोस. येशू गलीलातला, यरुशलेमवाल्यांना गलीलची बोली लगेच कळायची, येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र, त्याला अंगणात बोलण्यावरूनच ओळखलं. आणि वधस्तंभावरची पाटी तीन भाषांत होती, इब्री, लॅटिन, ग्रीक, योहानानं मुद्दाम लिहून ठेवलंय. त्याला गावंढळ बोली पण चालते आणि तीन भाषांचं गाव पण चालतं. रडायला येतं त्या भाषेत प्रार्थना करायची, तुझी मराठी असेल तर मराठी. पोरांना इंग्लिश येऊ दे, कन्नड येऊ दे, पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" तुझ्या तोंडून मराठीत पाठ करून घे. पंडिता रमाबाई आपल्या कर्नाटकातच जन्मल्या, 1858 मध्ये, मराठी घरात, आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी केडगावला बसून अख्खं पवित्र शास्त्र हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणण्यात घातली, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. तुझ्या-माझ्यासाठीच केलं म्हणायचं ते.

आता तुझ्या जावेचं.

तू लिहिलंस त्याचा ह्याच्याशी काय संबंध नाही. बाळ, संबंध नसता तर लिहिलं नसतंस. वेळ, भाषा, तेर्स ह्या सगळ्या अडचणी आहेत, मान्य, पण प्रार्थना आतून कोरडी पडलीय त्याचं कारण मला तिथे दिसतंय. तू रोज आमच्या पित्या म्हणतेस, आणि त्यात एक ओळ येते की जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड. त्या ओळीला तुझ्या मनात कुणाचा चेहरा येतो ते तुलाच माहीत, आणि तो येऊ नये म्हणून मन पळत असेल गॅसकडे. आख्ख्या प्रार्थनेत त्यानं नंतर खुलासा केला तो फक्त ह्या एका ओळीचा, मत्तय 6, 14 आणि 15 वचन काढून बघ, तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिता पण करणार नाही. भाकरीचा खुलासा नाही, राज्याचा नाही, ह्याचाच.

आणि मत्तय 5, 23-24. तू वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे तो बोलतोय गलीलात, डोंगरावर बसलेल्या लोकांना, आणि वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, शंभर किलोमीटरच्या वर लांब. बेळगावहून चालत कोल्हापूर गाठण्यासारखं. एवढं चालून गेलेल्या माणसाला तो सांगतोय, दान ठेव आणि परत गावी जा, भावाला भेट, आणि मग परत ये. ऐकणारे दचकले असतील. तुझी जाऊ तर त्याच गावात राहते. आणि नीट बघ, तो म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध असेल तर, तो म्हणतो भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर. तुझ्या मनात असेल तर त्याचं मार्क 11, 25 मध्ये आहे, प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. दोन्ही बाजू बांधून टाकल्यात त्यानं, चूक तिची होती हे कारण उरतच नाही.

पण जमीन तिला देऊन टाक असं मी म्हणतेय असं समजू नकोस. क्षमा म्हणजे उताऱ्यावरचं नाव काढून देणं नव्हे. लूक 12 मध्ये एक माणूस गर्दीतून येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. अगदी आपल्याकडचीच केस. येशू म्हणाला मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमला? आणि लगेच सगळ्यांना म्हणाला, लोभापासून सांभाळा, आणि कोठारं मोडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, ज्याचा जीव त्याच रात्री गेला. म्हणजे बांध कुठे पडतो ते त्यानं मोजून दिलं नाही. ते काम सर्व्हेवाल्याचं, तहसीलदार ऑफिसचं, लागलं तर वकिलाचं, ते चालू राहू दे, हक्काचं मागण्यात पाप नाही. पण मनातला लोभ आणि मनातलं वैर त्यानं आपल्या हातात घेतलं. कोर्टात केस आणि घरात बोलणं, हे दोन्ही एकत्र असू शकतं, अवघड आहे पण मी तशी घरं बघितलीत.

कसं जायचं? मत्तय 18 मध्ये त्यानं सांगितलंय, तू आणि तो एकटे असताना बोल. म्हणजे नणंदेच्या हातून निरोप नाही, फॅमिली ग्रुपवर मेसेज नाही, नाताळच्या गर्दीत सगळ्यांसमोर गळ्यात पडणं नाही. आधी थोडे दिवस तिचं नाव घेऊन रोज प्रार्थना कर, तिला सुधार अशी नाही, तिचं भलं कर अशी, तिच्या पोरांची नावं घेऊन. पहिल्या दिवशी दात आवळून निघेल, चालतंय. जे तुमच्याशी वाईट वागतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा हे त्यानं सांगितलं तेव्हा प्रेम वाटायला लागल्यावर करा असं सांगितलं नाही. मग एक दिवस संध्याकाळी जा. जाऊन वाटणीचा विषय काढायचा नाही, कोण काय बोललं त्याची उजळणी करायची नाही. वहिनी, दोन वर्षं झाली, मला हे सोसत नाही, माझ्याकडून जे बोलणं गेलं त्याची माफी मागायला आले, एवढंच. तुझा वाटा दहा टक्केच असेल कदाचित, त्या दहाची माग, तिच्या नव्वदचा हिशेब तिच्याकडे.

आणि ती दार लावून घेईल, किंवा अजून चार शब्द ऐकवेल, हे पण धरून चाल. प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा, त्यात तुमच्याकडून होईल तितकं हे मुद्दाम घातलंय. ती बोलली नाही तर घरी येऊन आमच्या पित्या म्हण आणि त्या ओळीवर थांब, आता ती ओळ म्हणताना तुला पळावं लागणार नाही. मात्र ती मारझोड करणारी, धमक्या देणारी असेल, असं काही तू पत्रात लिहिलं नाहीस, पण असेल तर एकटी जाऊ नकोस, फादरांना नाहीतर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे.

जायच्या आधी म्हणायला एक प्रार्थना लिहून देते, आवडली तर घे नाहीतर तुझी तू कर:

प्रभू येशू, तुला वधस्तंभावर चढवणाऱ्यांसाठी तू बापाकडे क्षमा मागितलीस. माझ्या मनात जे साठलंय ते तुला दिसतंय, मला ते एकटीला उचलून टाकता येत नाही, तू हात लाव. वहिनीच्या घरात सुख दे, तिच्या पोरांना सांभाळ. मी तिच्यासमोर उभी राहीन तेव्हा माझ्या जिभेवर राहा, मला जिंकायला लावू नकोस. आणि आजच्या दिवसाची भाकर आम्हा दोघींच्या घरी दे. आमेन.

मिस्टरांना आधी सांग आणि मग जा, नंतर बाहेरून कळलं तर घरात नवीन वाद होईल. ते म्हणतील तूच का म्हणून आधी जायचं, तर त्यांना मत्तय 5 काढून वाचायला दे, तू समजावत बसू नकोस. आणि जाताना उताऱ्याची झेरॉक्स, नकाशा, काही पिशवीत नेऊ नकोस, तिनं विषय काढलाच तर म्हण ते आपण दुसऱ्या दिवशी दोघांचे नवरे असताना बघू. मार्क मात्र आज रात्रीच सुरू कर, जावेकडे जाऊन येईपर्यंत थांबू नकोस.